गिरणीच्या अंगात आलं त्याची गोष्ट

गुरुवारी सकाळी आमच्या गिरणीच्या दारात चपलांचा एवढा ढीग पडायचा, की वाटावं आत लग्न लागतंय. आत होती एक जुनी मोटर, एक जातं आणि जात्याच्या वर धान्य ओतायचं लोखंडी नरसाळं. मोटर आणि जातं एकाच लोखंडी चौकटीवर बसवलेली. वर्षानुवर्षं आमच्या चोपडा गावातल्या बायका इथे ज्वारी-उडदाच्या कळण्याचं, गव्हाचं, डाळीचं दळण घेऊन येत आल्या होत्या. आता त्या डबा न घेता, नुसता हात घेऊन येत होत्या.

"उनी व माय, उनी!" देवी आली म्हणून भिकुबाईने नरसाळ्याला लावलेला तळहात झटकला. "कोपरलोंग झिणझिण उनी!"

"मंग सरक ना आते," मागची करवादली. "तू काय बठ्ठी देवी एकटीच घरले लई जाशी का?"

शेजारी उंच लाकडी पाटावर, पायांत खडावा घालून तेजनाथबाबा बसलेले असायचे. मधूनच उठायचे, खडावांचा टॉकटॉक आवाज करत नरसाळ्यापर्यंत जायचे आणि त्यावर आपला पंजा खुशाल ठेवून हसायचे. चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही.

"पाहा. तुम्हाला ती हलवते. माझ्यासमोर ती शांत."

बायका हात जोडायच्या. तेवढ्यात लाइट जायची. लाइट गेली, की देवीही जायची. बाबा म्हणायचे, "विश्रांती घेतेय." लाइट आली, की देवीही ताजीतवानी होऊन हजर. देवी लोडशेडिंगच्या वेळा पाळते, हे एकालाही खटकत नव्हतं. मला खटकत होतं, पण मी घराच्या दारात माझ्या लेकीला, मीनूला, कडेवर घेऊन उभी असायचे, आणि कडेवर मूल असलेल्या सुनेला फक्त चहा विचारतात.

बाबा आमच्याकडे आले ते चैत्रात. साक्रीकडून आलो, असं ते सांगायचे. साक्रीकडचे एक पाहुणे म्हणाले, "हे? हे तर रावेरकडून आले ना?" तेव्हा आमच्या घरात विजेच्या बिलावरून रोज रामायण चालू होतं. सासरे, म्हणजे बन्सीलाल नाना, मीटरकडे असे बघायचे, जसं काही ते मीटर रात्री उठून दुसऱ्याच्या गिरणीत कामाला जातं. सासूबाई द्रौपदाबाई त्या दिवशी मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत होत्या. मशीनला कधी बिघाड झाला तर त्यातली वीज माणसाच्या अंगातून न जाता तारेने थेट जमिनीत जावी, म्हणून हा खड्डा. त्यात मीठ-कोळसा घालून तांब्याची प्लेट पुरलेली, आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडू नये म्हणून वरून पाणी घालायचं.

बाबा कुंपणाशी थबकले. "माई, कोणाला पाजतेस?"

"अर्थिंगले पाणी घाली ऱ्हायनू, बाबा."

"अर्थिंग नाही माई, राक्षस!" आणि बाबा अंगणात आले ते थेट गिरणीत शिरले. "वीज म्हणजे कोण? इंद्राची लेक! खांबावरून तुमच्या घरी माहेरपणाला येते. या तीन वायरी म्हणजे इडा, पिंगळा आणि सुषुम्ना. ही चौथी न्यूट्रल, ती संन्याशीण, कोणाच्या अध्यात नाही. आणि ही पाचवी? ही कुठे निघाली? पाताळात! तिथे विद्युतासुर तोंड उघडून बसलाय. तुम्ही त्याला मीठ घालता, कोळसा घालता, वर पाणी पाजता. जेवतो तो आणि बिल भरता तुम्ही!"

नानांचा चेहरा उजळला. "तरीच! मी म्हणतच होतो, एवढं बिल येतंच कसं!"

"नाना," मी म्हटलं, "अर्थिंगमधून एरवी वीज जातच नाही. बिघाड झाला तरच..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलगी शिकलेली दिसते," ते म्हणाले. एखाद्याची गाठ दाबून वैद्याने रोगाचं नाव सांगावं, तसं.

अर्थिंगची तार तोडली गेली. खड्डा उकरून तांब्याची प्लेट बाहेर काढली. "ही असुराची जीभ. घरात ठेवू नका, मी तापीत सोडतो," म्हणून बाबांनी ती झोळीत टाकली. दक्षिणा? छे! पैशाला ते हातही लावत नसत. नाना गहिवरले. मीटरच्या बोर्डावर एक पत्र्याचं यंत्र लटकलं आणि त्याच्यासोबत पथ्यं आली. यंत्राला अंधार चालत नाही, म्हणून पूर्वेच्या खिडकीपुढची रिकाम्या पोत्यांची थप्पी हलवायची. दिवसा बल्ब लावायचा नाही, सूर्यनारायणाचा अपमान होतो. पीठ बसून पिवळी पडलेली ट्यूब दर सोमवारी पुसायची आणि तिला कुंकू लावायचं. भिंतींना चुना. उपाशी जातं शाप देतं, तेव्हा ते रिकामं फिरवायचं नाही; दळणं जमू द्यायची आणि एका बैठकीत उरकायची. आणि अमावास्येला न चुकता जात्याच्या दगडाला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने त्याच्या खाचा पुन्हा धारदार करायच्या.

या घरात आल्यापासून मी हेच बोलत होते. नाना, खिडकी मोकळी करू. नाना, एका डब्यासाठी मोटर चालू करून ठेवू नका. नाना, दगड गुळगुळीत झालाय, त्याला टाकी लावून घ्या, दळायला वेळ लागतो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "सूनबाई, गिरणी चालवायला बी.एस्सी. लागत नाही." आता त्यांनी नारळ फोडून स्वतःच्या हाताने पोती हलवली.

पुढचं बिल निम्म्यावर आलं.

मग काय विचारता! तेलघाण्याचे यादवशेठ आले, कुल्फीवाले आले, लाकडाच्या वखारीवाले आले. बाबांनी वखारीतला असुर उपटला, कुल्फीच्या कारखान्यातला उपटला. यादवशेठचा नंबर लागायचा होता, म्हणून ते रोज सकाळी येऊन नानांच्या शेजारी बसायचे. आणि आषाढात हवा दमट झाली तशी आमच्या गिरणीला हात लावला, की झिणझिण्या येऊ लागल्या. पहिल्यांदा नाना घाबरले. बाबा म्हणाले, "आता तिला पाताळात जायला वाट नाही. ती इथेच, लोखंडात, जागृत झालीय."

गंमत म्हणजे, या वाक्यातला पहिला अर्धा भाग अगदी खरा होता.

मीनू तेव्हा धरून उभी राहायला लागली होती. खाटेचा पाय, पाण्याचा पिंप, माझी साडी, मिळेल ते धरून उठायची. एका दुपारी दळण चालू होतं आणि सासूबाईंनी गिरणीची फरशी नुकतीच पुसली होती. मी मागे वळले तोवर ती रांगत आत गेली आणि तिने चौकटीचा पाय धरला. ती किंचाळली. मी तिला उचलायला गेले, तर माझ्याही हातातून असा झटका गेला, की दोघी मागे पडलो.

सासूबाई धावत आल्या. मीनूचा तळवा चोळत म्हणाल्या, "नशीबवान पोर शे. देवीनं हात धरा तिना."

"आई, असा धरलेला हात सुटत नाही, तेव्हा माणूस मरतं."

"शुभ बोल!"

संध्याकाळी मी यांना सांगितलं. हे म्हणजे मीनूचे वडील, देवचंद. कॉमर्सचे, हिशेबाला पक्के.

"शॉक असता तर एवढ्या बायका जिवंत राहिल्या असत्या का?" हे म्हणाले.

"आतली तार थोडीशीच उघडी पडली असेल. कोरड्या फरशीवर मुंग्या येतात. ओल्या पायांनी काय होईल? आणि उद्या ती तार आणखी झिजली तर?"

"तू ना, मीनू शिंकली तरी डॉक्टरकडे पळतेस."

"हो. आणि तुम्ही बिल कमी आलं, की देवळात पळता."

यावर हे पेपर वाचू लागले.

मी घाबरट आहे, हे मी नाकारत नाही. पण घाबरणारं माणूस बघत असतं. मी बघत होते, की बाबा खडावांशिवाय फरशीवर पाऊल ठेवत नाहीत. मी बघत होते, की बायकांना मात्र चपला बाहेर काढायला लावतात. मी वायरमन मुख्तारभाईंना गाठलं. ते म्हणाले, "भाभी, तार जोडायला वेळ लागत नाही. पण जोडू कशाला? खड्ड्यात प्लेटच नाही. नवीन घेऊन आलो होतो, तर नानांनी दारातूनच परत पाठवलं. बाबांनी सांगितलंय म्हणे, गिरणीवर वायरमनची सावली पडू द्यायची नाही."

आणि मग सासूबाईंनी ती बातमी दिली. मीनू बारीक होती, दात उशिरा आले होते. बाबांना दया आली होती. येत्या गुरुवारी तिच्यावर शक्तिपात होणार होता. म्हणजे तिला तापीच्या पाण्याने न्हाऊ घालायचं, अंग पुसायचं नाही, आणि तशीच ओलेती, दोन्ही तळवे नरसाळ्यावर टेकवून धरायची. मंत्र संपेपर्यंत.

माहेरी निघून जावं, असं मनात आलं. बॅगही काढली. पण पुढच्या गुरुवारी भिकुबाईच्या नातवाचा नंबर होता. त्याची आई माहेरी गेली नसती. तिला माहीतच नव्हतं, की कशापासून पळायचं.

गुरुवार उजाडला. गिरणी दणदणत होती, पट्टा फटफटत होता, दारात चपलांचा डोंगर. मीनूला न्हाऊ घातलेलं, ओलं झबलं अंगाला चिकटलेलं. मी तिला घट्ट धरून उभी राहिले. सासूबाई हात पुढे करून म्हणाल्या, "दे व माय तिले."

"देते. आधी मला देवीला एक गोष्ट विचारायचीय."

मी यांच्या खणातून टेस्टर आणला होता. पायांत रबरी चप्पल होती, ती काढली नाही. मीनूला यांच्याकडे दिलं, लांब उभं केलं, आणि टेस्टर चौकटीला टेकवला. त्यातला इवलासा दिवा लाल पेटला.

"बघा," मी म्हटलं, "लोखंडात करंट उतरलाय. हा शॉक आहे, देवी नाही."

मग भिकुबाई ओरडली, "ज्योत परगटनी व माय! ज्योत!"

गर्दी पुढे लोटली. कोणीतरी टेस्टरला हळद-कुंकू वाहिलं. बाबांनी दोन्ही हात उंचावले. "पाहा! शिकलेल्या, नास्तिक मुलीच्या हातूनही देवीने दर्शन दिलं!" एका बाईने माझ्या पाया पडायला सुरुवात केली. उघडं पाडायला गेले आणि पुजारीण होऊन बसले.

तेवढ्यात हसीनाबी वाट काढत आत आल्या. कडेवर गव्हाचा डबा, पायांत जाड रबरी चपला.

"सरको बाई सरको. हमको दर्शन नै होना, आटा होना. घर में पाव्हणे बैठे है." आणि त्यांनी सवयीने नरसाळ्याला हात टेकून डबा उचलला.

"काय झालं?" बायकांनी विचारलं.

"क्या होना? कुछ बी नै."

"चपला घालून देवीला हात!" बाबा गरजले. "आणि श्रद्धा नाही. म्हणून काही झालं नाही."

हसीनाबींनी डबा खाली ठेवला. "ऐसा? लो, चप्पल काढली."

"हसीनाचाची, नको!" मी ओरडेपर्यंत त्यांनी बोट लावलंही. "या अल्ला!" म्हणून त्या दोन पावलं मागे उडाल्या. फरशी कोरडी होती, म्हणून झटक्यावर भागलं. हात चोळत त्या बाबांना म्हणाल्या, "महाराज, श्रद्धा तो अब बी नै है. फिर कैसी आई?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भिकुबाई विचारात पडली. बाहेर गेली, ढिगातून स्वतःच्या चपला शोधून घालून आली आणि कोणी अडवायच्या आत तिने तळहात नरसाळ्यावर ठेवला. डोळे मिटले. उघडले. परत मिटले.

"नही उनी," ती म्हणाली. मग बाबांकडे वळून, अगदी मनापासून दुखावून, "बाबा, मनी तं श्रद्धा शे ना! मंग माले काब्र नही उनी?"

"कारण चप्पल रबराची आहे, मावशी," मी म्हटलं. "रबरातून वीज पायाखाली जात नाही. लाकडातूनही सहसा जात नाही. आता महाराजांच्या पायांत काय आहे, ते बघा."

सगळ्या माना खाली गेल्या. खडावा पाटावर अवघडून उभ्या होत्या.

"महाराज," मी म्हटलं, "मीनूला मी देते. माझं म्हणणं एवढंच, की आधी तुम्ही. खडावा काढा, तिच्यासारखेच पाय ओले करा, दोन्ही हात टेकवा. मंत्र संपेपर्यंत."

"आमच्या तेजाची परीक्षा घेता? भस्म व्हाल!"

खरं सांगते, नानांनी त्या वेळी जे केलं, ते माझ्या बाजूने नव्हतं. त्यांची बाबांवर अजून अढळ श्रद्धा होती. "महाराज, काढाच तुम्ही खडावा," ते हात जोडून म्हणाले. "एकदाचं सूनबाईचं तोंड बंद होऊ द्या." आणि भक्तिभावाने त्यांनी स्वतः कळशी उचलून पाटासमोरच्या फरशीवर पाणी ओतलं. मी सगळ्यांना मागे ढकललं. पाणी पसरत चौकटीच्या पायापर्यंत गेलं. यादवशेठ तर बाबांच्या खडावा काढायला वाकलेसुद्धा. पुढचा नंबर त्यांचा होता ना, त्यांना पुण्य हवं होतं.

बाबांनी पाय वर ओढून घेतले. एवढा मोठा माणूस, पाटावर उकिडवा. आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अहो थांबा! आधी मेन स्विच पाडा! मेन पाडा!"



भिकुबाईने हनुवटीवर बोट ठेवलं. "देवीले बी स्विच ऱ्हास का व माय?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळा घोळकाच हसू लागला. नाना हसले नाहीत. ते यंत्रवत बोर्डाकडे गेले आणि त्यांनी मेन पाडला. मोटर घरघरत थांबली. मग माझे सासरे, ओल्या फरशीवर, अनवाणी, नरसाळ्यापर्यंत गेले आणि त्यांनी दोन्ही तळवे टेकवले.

"गेली," ते म्हणाले. आणि मीनूच्या ओल्या झबल्याकडे बघून एकदम खालीच बसले.

बाबा मागच्या दाराने निघाले होते. झोळी जड होती, खडावा घसरत होत्या. यादवशेठने झोळीचा पट्टा धरला. सोडवून घ्यायच्या गडबडीत झोळी अंगणात पडली आणि खणकन वाजली. आत तांब्याच्या प्लेटा होत्या. आमच्या गिरणीतली, वखारीतली, कुल्फीच्या कारखान्यातली, आणखी कुठकुठल्या गावच्या. सगळ्या असुरांच्या जिभा तापीत न जाता भंगाराच्या वाटेला लागलेल्या. पैशाला हात न लावणाऱ्या माणसाने फक्त तांब्याला हात लावला होता. झोळी तिथेच टाकून बाबा जे पळाले, ते खडावांसकट पळता येत नाही, हे कुंपणापाशी लक्षात आल्यावर अनवाणी पळाले.

त्याच दुपारी मुख्तारभाईंनी मोटर उघडली. आतल्या तारेवरचं वेष्टण एका जागी झिजून तार मोटरच्या अंगाला टेकत होती. तिथून वीज लोखंडात उतरायची. अर्थिंग असतं तर ती गपचूप जमिनीत गेली असती आणि मुंगीही आली नसती. बाबांनी ती वाट तोडली, म्हणून तिने दुसरी शोधली: बायकांचे हात, अनवाणी पाय, आणि फरशी. झिणझिणीची सारी महती एवढीच. मोटर दुरुस्त झाली, प्लेट परत पुरली, यंत्र उतरवलं. पुढचं बिल तितकंच कमी आलं, कारण बिल यंत्राने कमी केलंच नव्हतं. ते उजेडाने, चुन्याने, पुसलेल्या ट्यूबने आणि धार लावलेल्या दगडाने कमी केलं होतं. बाबा मूर्ख नव्हता, हेच तर दुखणं. चार शहाणपणाच्या गोष्टींच्या गळ्यात त्याने एक खोटं यंत्र बांधलं आणि सगळं श्रेय यंत्राला दिलं.

सासूबाई मात्र अजून म्हणतात, "ढोंगी व्हता, पण बिल त्यानंच कमी करं." मी वाद घालत नाही. त्या आता मीनूला गिरणीत जाऊ देत नाहीत, एवढं मला पुरे.

वखारीवाल्यांनी प्लेट परत पुरली. कुल्फीवाले अजून तयार नाहीत. हे आणि मी दोघं जाऊन आलो. "ताई, बिल वाढेल हो," ते म्हणतात. त्यांच्याकडे बर्फाचं पाणी दिवसभर फरशीवर असतं आणि कामाला अनवाणी पोरी असतात. आम्ही पुन्हा जाणार आहोत. ते ऐकेपर्यंत जाणार आहोत.

म्हणून हे लिहिलं. तुमचं दुकान असेल, गिरणी असेल, कारखाना असेल, तर बिल जरूर कमी करा. दिवसाचा उजेड फुकट आहे, तो आत येऊ द्या, दिवे पुसा, रिकामी मशीन बंद करा. त्यासाठी कुणाच्या मंत्राची गरज नाही. जो कोणी सांगेल, की जीव वाचवणारी तार तोडल्याने पैसे वाचतात, त्याला आधी विचारा, कसे? उत्तर समजेपर्यंत विचारत राहा, आणि तो रागावला तर समजा, की उत्तर त्याच्याकडे नाही. आणि कधी लोखंडाला हात लावून झिणझिण आली, तर कृपा करून हात जोडू नका. हात काढा, मेन बंद करा, आणि वायरमनला बोलवा.